हिरण्यकेशी-घटप्रभा पट्टा: खडस, शिवडा, नुक्ता राखून मासेमारी चालू ठेवायची तर नियम कसे हवेत?

संगमकाठ

नमस्कार मंडळी. हुक्केरी, संकेश्वर, निपाणी, खानापूर भागातल्या काही ग्रामपंचायतींपुढे नदीतल्या मासेमारीचे नियम ठेवायचे आहेत. नुसतं "बंदी घाला" असं निवेदन दिलं तर त्यावर सही-शिक्का होतो आणि फाईल कपाटात जाते. काय, कुठे, कधी आणि कसं हे लिहून दिलं तरच पुढे सरकतं. म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. आपली नदी सलग राहिलेली नाही. गोकाकचा धबधबा सुमारे 52 मीटर उंच. कृष्णेतून घटप्रभेत चढलेला मासा तिथे संपतो. म्हणजे हिरण्यकेशी, ताम्रपर्णी आणि घटप्रभेचा वरचा भाग यांतला मासा गेला तर खालून भरपाई व्हायचा रस्ताच नाही. त्यात हिडकलचं धरण आणि धुपदाळचा बंधारा, म्हणजे वरच्या पट्ट्याचे आणखी तुकडे. मलप्रभा कणकुंबीपासून नविलुतीर्थच्या जलाशयापर्यंत अशीच कोंडलेली. वेदगंगा-दूधगंगा कृष्णेला मिळतात, पण बंधारे आडवे येतात. त्यामुळे नियम एकच असला तरी हिशेब प्रत्येक तुकड्याचा वेगळा ठेवावा लागेल.

कोणते मासे डोळ्यांसमोर आहेत ते सांगतो. नुक्ता: थोबाडावर शिंगासारखा उंचवटा असलेला, कृष्णा खोऱ्याबाहेर न सापडणारा, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत "धोक्यात". शिलन म्हणजे सिलोनिया चिल्ड्रेनी, तोही "धोक्यात". शिवडा आणि कोळस "असुरक्षित" वर्गात. आणि खडस, म्हणजे आपला दख्खनचा महसीर.

सूचना येऊ द्यात. मोघम नकोत, आकडे द्या.

पागवाला

पूर्ण बंदी घाला म्हणणाऱ्यांस्नी पहिलंच सांगतो, भोई आणि अंबिगेर समाजाची चूल ह्या पाण्यावर हाय. बारा महिने बंदी घातली तर दिवसाची जाळी बंद हुतील आणि रात्रीचा करंट (पाण्यात वीज सोडून मासे मारणं) चालू राहील. नियम जाळ्याचा करा. जाळं दिसतं, मोजता येतं, नाव्हेत पडलेलं असतं.

मोजायचं कसं ते लिहून ठेवा, नाहीतर तिथंच भांडण. जाळं ओलं करा. दहा आस (जाळ्याची भोकं) सलग घ्या, दोन्ही टोकांनी ताणा, पहिल्या गाठीच्या मध्यापासून शेवटच्या गाठीच्या मध्यापर्यंत मोजा आणि दहानं भागा. हा झाला ताणलेला आस. दुकानदार कधी एका बाजूचं माप सांगतो, कधी ताणलेलं. बाजूचं 40 मिलिमीटर म्हणजे ताणलेलं 80. ठरावात "ताणलेला आस" हा शब्द नसला तर नियम अर्ध्यावर आला म्हणून समजा.

आता आस आणि मासा यांचा मेळ. आसाचा घेर म्हणजे ताणलेल्या मापाच्या दुप्पट. मासा अडकतो तेव्हा त्याच्या पोटाचा घेर आसाच्या घेरापेक्षा साधारण सव्वापट असतो. खडस, कोळस अशा अंगानं गोल माशाचा घेर लांबीच्या निम्म्याहून थोडा जास्त, 0.55 धरा. मग असं येतं:

40 चा आस: 18 सेंटिमीटरचा मासा
60 चा आस: 27 सेंटिमीटर
80 चा आस: 36 सेंटिमीटर
100 चा आस: 45 सेंटिमीटर

ह्यात दोन-चार सेंटिमीटर इकडंतिकडं हुतंय, कारण गाबोळी भरलेल्या मादीचा घेर जास्त. पण 40 चं तंगूस (बारीक नायलॉन दोऱ्याचं) जाळं रात्रभर लावलं की काय येणार ते ह्यावरनं कळतंय. पोरंसोरंच येणार. नदीत फासजाळ्याला (ज्याच्या आसात मासा अडकून बसतो त्या जाळ्याला) 80 च्या खाली परवानगी नको.

शिवड्याला हा हिशेब लागू न्हाई. लांबट अंग, तोंडात दात, तो दातांनीच गुंततो. 60 च्या आसात मीटरभर लांबीचा शिवडा सापडतो. त्याला वेगळा नियम लागेल.

मलप्रभातीर

पागवाले अण्णा, मापाची पद्धत तुम्ही दिलीत तशीच्या तशी मसुद्यात घालावी. माझी भर अशी की खालची मर्यादा एकटी पुरत नाही, वरचीही हवी.

लांबी दुप्पट झाली की माशाचं वजन साधारण आठपट होतं आणि अंडी वजनाच्या प्रमाणात वाढतात. 30 सेंटिमीटरच्या आठ माद्या जेवढी अंडी देतात तेवढी 60 सेंटिमीटरची एकटी देते. शिवाय मोठ्या मादीची अंडी थोराड असतात, पिल्लू तगतं. खडस तर एकदम सगळी अंडी सोडत नाही, पावसाळाभर टप्प्याटप्प्याने सोडतो. त्याची अंडी मोठी आणि संख्येने रोहू-कटल्यापेक्षा कितीतरी कमी. अशा माशाची थोराड मादी उचलली की पुढच्या अनेक वर्षांचं बी उचललं.

म्हणून मधला पट्टा ठेवा. खडसासाठी 45 सेंटिमीटरच्या खालचा सोडायचा, 60 च्या वरचा सोडायचा, मधला घ्यायचा. कोळसासाठी हे आकडे खाली येतील, ते त्या नदीतल्या माशांवरूनच ठरवावेत. पद्धत सोपी आहे. जून ते ऑगस्ट या काळात पकडलेल्या माशांची लांबी लिहायची आणि पोट हलकं दाबून गाबोळी किंवा नराचं दूध सुटतं का ते नोंदवायचं. ज्या लांबीला निम्मे मासे पिकलेले दिसतात ती पक्वतेची लांबी. खालची मर्यादा त्याच्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर धरायची, म्हणजे प्रत्येक मादीला एक हंगाम तरी मिळतो. त्यासाठी मासे मारायची गरज नाही, परवानगी घेऊन ही मोजणी करून मासा परत सोडता येतो.

नुक्ता आणि शिलन यांना मात्र पट्टा वगैरे काही नको. सापडला की सोडायचा, आकार कितीही असो.

बेळगावी_रस्सा

एक शंका. खडस धोक्याच्या यादीतून बाहेर काढलाय असं वाचलं. मग त्याच्यासाठी एवढी धडपड कशाला?

मलप्रभातीर

बरोबर वाचलंत, आता तो आययूसीएनच्या "कमी चिंता" वर्गात आहे. पण ती नोंद संपूर्ण प्रजातीची. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पैदास 1970 च्या दशकापासून होते आणि तिथली बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) देशभर गेली. प्रजाती म्हणून तो टिकला याचा अर्थ हिरण्यकेशीतला खडस टिकला असा होत नाही. गोकाकच्या वरचा तुकडा रिकामा झाला तर वळवणचा मासा स्वतःहून इथे येणार नाही.

आणि कुणी "मग तिथून बोटुकली आणून सोडू या" म्हणेल म्हणून आधीच लिहिते. कावेरीत हेच झालं. तिथला मूळचा कुबडा महसीर (टॉर रेमादेवी) आज "अतिधोक्यात" आहे आणि त्याला मागे रेटणाऱ्या कारणांत बाहेरून सोडलेला हाच खडस मोजला जातो. चांगल्या हेतूने सोडलेलं बी होतं ते.

बरगेवाला

मंडळी जाळ्यावरच अडकलीत. जूनमध्ये मासा अडतो तो आधी बंधाऱ्याला.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात गाळ्यागाळ्यात बरगे (काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घालून पाणी अडवतात. पाऊस लांबला की शेतकरी बरगे काढू देत नाहीत, ऊस वाळत असतो, त्यांचंही चुकत नाही. मग पहिला लोंढा येतो, वरचे दोन-चार बरगे घाईत काढले जातात आणि पाणी वरून उडी मारून पडतं. चढणीचा मासा, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर निघालेला मासा, बंधाऱ्याखाली येऊन थांबतो. तिथेच पाग (फेकायचं जाळं), तिथेच घोळजाळं (ओढायचं जाळं), तिथेच पोती भरून मासा. एका रात्रीत नदीचं त्या वर्षीचं बाळंतपण बाजारात जातं.

आकडे बघा. दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीत 20 सेंटिमीटरचा फरक असला तर गाळ्यातून पाणी सेकंदाला साधारण 2 मीटर वेगाने येतं. 30 चा फरक असला तर 2.4 मीटर, 50 असला तर 3.1 मीटर. मासा थोडा वेळ जोर लावून सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दहापट जातो असं धरलं, तर 20 सेंटिमीटरचा मासा 2 मीटरच्या प्रवाहाशी कशीबशी बरोबरी करतो. 30 सेंटिमीटरचा 3 मीटरला थकतो. म्हणजे फरक 20 च्या आत ठेवला तरच कोळस, तांबटीसारखा मासा वर जाईल.

मागणी अशी लिहा:

सगळे बरगे काढा असं म्हणू नका, कुणी ऐकणार नाही. नदीच्या मूळ धारेवरचे दोन किंवा तीन गाळे, काठाजवळचे नव्हे, 5 जूनपर्यंत तळापर्यंत मोकळे करा. "तळापर्यंत" हा शब्द महत्त्वाचा. सर्वात खालचा बरगा गाळात रुतून बसतो म्हणून तसाच ठेवतात आणि त्या एका बरग्यामुळे पायरी तयार होते. तो काढायला साखळी आणि पुली लागते, ती मे महिन्यातच लावून ठेवावी.

मोकळ्या गाळ्याच्या वर-खाली 200 मीटर मासेमारी बंद, 15 जून ते 15 सप्टेंबर. बंधाऱ्यावर उभं राहून पाग टाकणंही यात आलं.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बरगे परत घालताना एका दिवसात सगळे घालू नका. खालचं पात्र एकदम तुटतं, खडकातल्या खळग्यांत पिल्लं अडकतात आणि दोन दिवसांत बगळ्यांना मिळतात. पाच-सहा दिवसांत टप्प्याने घाला, एक गाळा थोडा वाहता ठेवा.

बेळगावी_रस्सा

1 जून ते 31 जुलै अशी सरकारी बंदी असतेच ना? मग वेगळी तारीख कशाला?

बरगेवाला

ती 61 दिवसांची बंदी समुद्राची, कारवार-मालवणकडच्या ट्रॉलरांसाठी. नदीचा मासा समुद्राच्या तारखेला चालत नाही. शिवडा पहिल्या पाण्यात, पूर आलेल्या गवताच्या उथळ काठावर अंडी घालतो. खडस मागाहून, जुलै ते सप्टेंबर, वाहत्या स्वच्छ पाण्यातल्या वाळू-गोट्यांवर. 31 जुलैला उघडलं तर शिवडा सुटला, खडस ऐन वेळेला सापडला.

खानापूरकर_अक्का

खानापूर-चंदगडकडच्या ओढ्यांचाही विचार करा. चढणीचे मासे खाणं ही आपल्याकडची जुनी चाल, ती बंद करा म्हणून कुणी बंद करणार नाही. पण ओढ्याचं तोंड संपूर्ण अडवून बांबूचे सापळे लावणं वेगळं आणि एका काठाला एक सापळा लावणं वेगळं. नियम असा ठेवावा: ओढ्याच्या रुंदीचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा, आणि पहिल्या पुराचे दहा दिवस काहीच नाही. शिवारात शिरलेला मासा खाचरात अंडी घालून परत फिरतो. उतरणीला खाचराच्या मोरीवर बारीक जाळी बांधली की पिल्लं सगळी तिथेच संपतात. चढणीइतकीच उतरण सांभाळायला हवी, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत मोरीला जाळी नको.

रामेठा आणि गेळफळ ठेचून डबक्यात टाकणं अजून चालतं. "झाडपाल्याचं आहे, विषारी नाही" असं म्हणतात. विषच ते. त्याने डबक्यातला किडा, खेकडा, पिल्लू सगळं जातं आणि खाली पाणी पिणाऱ्या जनावरांनाही त्रास.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र चर्चेला जागा नाही, तिथे वन्यजीव कायदा 1972 लागू आहे. म्हादईचा वरचा भाग त्यात येतो.

डोहराखा

सगळे पावसाळ्यावर बोलताहेत. माझ्या मते मासा संपतो तो एप्रिल-मेमध्ये.

उन्हाळ्यात नदी तुटून डोहांची माळ होते. दहा किलोमीटरमधला सगळा थोराड मासा चार-पाच डोहांत गोळा होतो. पाणी कमी, मासा दाट, पळायला जागा नाही. एक घोळजाळं, एक रात्र, आणि दहा किलोमीटरची नदी रिकामी. त्यानंतर जूनमध्ये बरगे काढा नाहीतर नका काढू, चढायला कोण उरलंय?

म्हणून ठरावातलं पहिलं कलम डोहाचं असावं. दर पाच-सहा किलोमीटरमागे एक डोह बारमाही बंद. निवडताना हे बघा:

एप्रिलअखेरीस किमान 3 मीटर खोली. बांबूला खुणा करून हरगोलातून (टोपलीसारख्या गोल नावेतून) मोजता येते.
तळाशी खडक-कपारी असाव्यात. नुसत्या गाळाचा डोह चिलापीचा, खडसाचा नव्हे.
काठावर झाडी: करंज, उंबर, वाळुंज. सावलीने पाणी निवतं आणि उंबराची फळं खडस खातो.
पाणीउपशाचे पंप किती आहेत. डोह राखला आणि 20 पंपांनी तो उपसला तर उपयोग शून्य. खडकावर रंगाने एक पातळी आखा, तिच्या खाली पंप बंद, हे पंचायतीने शेतकऱ्यांशी बोलून ठरवावं. पंपाच्या फूटव्हॉल्व्हला 5 मिलिमीटरची जाळी बसवा, पिल्लं ओढली जात नाहीत.
जवळ देऊळ असेल तर तोच डोह घ्या. शृंगेरीला तुंगेत, रायगडात सावित्री नदीच्या वाळण कोंडीत देवाचा मासा म्हणून महसीर टिकलाय. लोकांना ते कुणी शिकवावं लागलं नाही.

राखीव डोहाच्या दोन्ही टोकांना 100 मीटर जादा पट्टा धरा, नाहीतर जाळी बरोबर हद्दीवर लागतात.

पागवाला

डोहराखा यांचं पटलं. उन्हाळ्यात डोह मारणारा बहुतेक बाहेरचा असतोय. गावचा भोई पुढच्या वर्षाचं बघतोय, ठेका एका वर्षाचा असला की ठेकेदार पैसे फिटेपर्यंत ओढतोय. ठेका द्यायचाच तर मच्छीमार सोसायटीला आणि सलग पाच वर्षांसाठी द्या. आणि त्यात राखीव डोह वगळल्याचं नकाशासकट लिहा.

दुसरं, चिलापी, आफ्रिकन मांगूर, रूपचंद ह्या बाहेरनं आलेल्या माशांना कसलीच मर्यादा नको. सापडंल तेवढं काढा, परत सोडू नका. मांगूर तर देशात 2000 सालापासून बंदी असलेला मासा. बंदीच्या काळात गावतळ्यात चिलापी मारायला पागानं परवानगी असू दे, तेवढाच घराला आधार.

सोडायचा मासा जिवंत सोडायला जमलं पाहिजे. जाळं रात्रभर न ठेवता दोन-दोन तासांनी बघा. हात ओले करूनच धरा, कोरड्या हातानं खवल्यावरची बुळबुळ निघते आणि चार दिवसांत पांढरी बुरशी धरते. कल्ल्यात बोटं घालू नका. आस ओढून काढू नका, ब्लेडनं कापा, जाळं शिवता येतं. सोडताना तोंड प्रवाहाकडं धरून आधार द्या, शेपटी मारून स्वतः निघाला तरच सोडा. एप्रिल-मेच्या दुपारी हे सगळं करूनही मरतो, पाण्यात प्राणवायूच नसतो. म्हणून त्या दोन महिन्यांत नदीत फासजाळं फक्त पहाटे.

घटप्रभाकाठी

अंमलबजावणीचा प्रश्न. सकाळी मेलेला मासा तरंगताना दिसला की प्रत्येक जण वेगळं कारण सांगतो: कारखान्याचं पाणी, करंट, ब्लीचिंग. तक्रार तिथेच विरते. कारण कसं ओळखायचं?

डोहराखा

मासा उघडून बघा, बरंचसं कळतं.

सुरुंग असेल तर बाहेरून अंग धड दिसतं. पोट उघडलं की आतला हवेचा फुगा फाटलेला, फासळ्या कण्यापासून सुटलेल्या, पोकळीत काळसर रक्त. तरंगणारा मासा कमी आणि तळाला गेलेला जास्त असतो, म्हणून काठावर दिसतो त्यापेक्षा नुकसान मोठं धरावं.

करंट असेल तर अंगावर कण्याच्या दोन्ही बाजूंना काळपट डाग, कधी विजेसारखा नागमोडी. चिरलं तर कणा मध्येच मोडलेला आणि आजूबाजूच्या मांसात रक्त साकळलेलं. मोठ्या माशाला झटका जास्त बसतो.

ब्लीचिंग पावडर असेल तर कल्ले फिके, पांढुरके, त्यावर चिकट थर. वास येतो. पहिल्यांदा बारीक मासा आणि झिंगा जातो.

प्राणवायू संपला असेल, म्हणजे मळी किंवा सांडपाणी, तर उलटं होतं. मोठा मासा आधी मरतो. तोंड उघडं, कल्ले फाकलेले, आणि मरण्याआधी मासे पहाटे वर येऊन तोंड मारताना दिसतात. पाणी काळपट-तांबूस आणि फेस. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर हवा, 3 ला मासा धापा टाकतो, 2 च्या खाली गेला की मोठा मासा जातो. तपासणी पहाटे करा. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडतं, आकडा चांगला येतो आणि प्रकरण तिथेच मिटतं.

पुराव्यासाठी: घटनेच्या जागी, त्याच्या वरच्या बाजूला आणि खाली, अशा तीन ठिकाणचं एकेक लिटर पाणी स्वच्छ बाटल्यांत, तोंडापर्यंत भरून, बर्फात. बाटलीवर जागा, तारीख, वेळ. नुकतेच मेलेले चार-पाच मासे वेगळ्या पिशवीत, बर्फात. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून फोटो. 112 ला फोन करून नोंद क्रमांक घ्या, मगच पंचनाम्याचा आग्रह धरा.

सुरुंगाच्या तक्रारीत फक्त मासेमारीचा कायदा लिहू नका. 1897 च्या मत्स्य कायद्यातली जुनी शिक्षा दोन महिने किंवा 200 रुपये इतकीच होती. जिलेटीन बाळगणं हा 1908 च्या स्फोटक पदार्थ कायद्याखालचा गुन्हा आहे, तो नमूद करायला सांगा.

संगमकाठ

फार उपयोगाचं. आता कायद्याच्या बाजूचं मी लिहितो. कर्नाटकात अंतर्देशीय मासेमारीसाठी 1996 चा स्वतंत्र कायदा आहे, परवाने आणि ठेके मीनुगारिके इलाख्याकडे, म्हणजे मत्स्य खात्याकडे. ग्रामपंचायतीला त्यांच्या जागी बसून परवाना थांबवता येत नाही. पण जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. आपला डोह, त्यातला मासा, त्याचा हंगाम हे समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत गेलं की इलाख्यापुढे ठेवायला सरकारी कागद तयार होतो. पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) आधी ही नोंदवही मागा. बहुतेक ठिकाणी ती तयार आहे आणि माशांचं पान रिकामं आहे.

त्याच कायद्याचं कलम 37 वारसास्थळाचं. हिरण्यकेशीच्याच उगमाशी आंबोलीला 2020 मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी हा नवा मासा नोंदला गेला आणि 2021 मध्ये महाराष्ट्राने ती जागा जैवविविधता वारसास्थळ केली. नदी तीच आहे, आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वरला येते. निवेदनात हा दाखला द्या.

सीमेचा घोळही त्यातच आहे. वर महाराष्ट्राचा मत्स्य कायदा 1960 चा, खाली कर्नाटकचा 1996 चा. बंदीची तारीख एकीकडे पंधरा दिवस आधी उघडली तरी तिकडची जाळी इकडच्या डोहात येतात. सरकारं बसून ठरवतील तेव्हा ठरवतील. नदीच्या दोन्ही काठच्या पंचायतींनी एकाच तारखांचे, एकाच शब्दांचे ठराव करावेत. कन्नड आणि मराठी दोन्ही. फलकही दोन्ही भाषांत, आणि माशांची चित्रं खऱ्या आकारात. 45 आणि 60 सेंटिमीटरच्या रेघा फलकावरच मारल्या तर मासा तिथेच लावून बघता येतो.

खानापूरकर_अक्का

बाजाराचं कलम राहिलं. जूनमध्ये गाबोळीच्या माशाला जास्त भाव मिळतो, त्यामुळेच चढणीवर झुंबड. बेळगाव, निपाणी, गोकाकच्या बाजारांत जून ते सप्टेंबर नदीचा गाबोळी असलेला खडस, कोळस, शिवडा विक्रीला नको. तळ्यातल्या रोहू-कटल्याला हरकत नाही. ओळखायला अडचण येत नाही: कटल्याचं डोकं मोठं आणि खालचा ओठ वर वळलेला, रोहूचे ओठ झालरीचे, खडसाचे खवले मोठे, जाड, आणि मिशांच्या दोन जोड्या.

घटप्रभाकाठी

हे सगळं केल्यावर मासा वाढतोय की नाही हे कसं कळणार? पाच वर्षांनी कुणीतरी विचारणारच.

मलप्रभातीर

जाळ्याचा हिशेब ठेवायचा. प्रत्येक खेपेला सहा रकाने: तारीख, जागा, आस, जाळ्याची एकूण लांबी, किती तास, आणि प्रत्येक जातीचे नग, लांबी, वजन. मग 100 मीटर जाळ्यामागे एका रात्रीचे किलो काढायचे. 50 मीटरची चार जाळी, एका रात्रीत 6 किलो, म्हणजे 100 मीटरमागे 3 किलो. एकूण किती मासा आला हा आकडा फसवा आहे, कारण मासा कमी झाला की लोक जाळी वाढवतात आणि एकूण तेवढाच दिसत राहतो.

आस, जागा आणि महिना दरवर्षी तेच ठेवा, नाहीतर तुलना होत नाही. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री वगळा, चांदण्यात मासा तंगूस बघतो.

आणि आकड्यावर काय करायचं ते आधीच ठरावात लिहा. माझी सूचना: 100 मीटरमागचा आकडा आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीच्या निम्म्याखाली गेला तर पुढच्या हंगामात राखीव डोह दुप्पट. पकडीतले एक तृतीयांशापेक्षा जास्त मासे पक्वतेच्या लांबीखालचे आले तर किमान आस 80 वरून 100. तीन वर्षं सलग सुधारणा दिसली तर एखादा डोह पाळीने उघडता येईल, पण सगळे एकदम नाहीत आणि सर्वात खोल डोह कधीच नाही. आधी लिहिलं नाही तर ऐन वेळी प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ लावतो.

बोटुकली सोडायचा विषय निघालाच तर बी त्याच नदीतल्या माशांचं, आणि एक-दोन माद्यांचं नव्हे, निदान 25 जोड्यांचं. आकार 8 ते 10 सेंटिमीटर, सोडायची वेळ पूर ओसरल्यावर. सोडण्याआधी पोटाजवळच्या एका पराचं टोक कापून खूण करा, म्हणजे पुढे पकडीत सोडलेला मासा किती आणि नदीतच जन्मलेला किती ते वेगळं काढता येतं. नदीतच जन्मलेला मासा वाढत नसेल तर दोष बरग्यांत, वाळूउपशात किंवा पाण्यात आहे, बोटुकली सोडून तो झाकला जाईल एवढंच.

बरगेवाला

वाळूउपसा बरा आठवलात. खडसाची अंडी वाळू-गोट्यांच्या थरात पडतात आणि तीन-चार दिवसांत फुटतात. त्या दिवसांत वर कुठे यंत्राने उपसा झाला तर गाळ येऊन बसतो, अंडी गुदमरतात. राखीव डोहाच्या वरच्या बाजूला 1 किलोमीटर वर्षभर उपसा नको, असं एक कलम घाला. अर्ज वेगळा, तो खाण आणि भूविज्ञान खात्याकडे.

संगमकाठ

घातलं. मसुद्याचा क्रम असा लावतो: राखीव डोह आणि पंपाची पातळी, बरगे, आस, लांबीचा पट्टा, बाजार, नोंदवही. शिवड्यासाठी वेगळं कलम करतो: 75 सेंटिमीटरच्या वरचा सोडायचा, आणि पहिल्या पुरात काठच्या गवतात भाला-काठी घेऊन मारणं बंद. पाटबंधारे खातं आणि नीरावरी निगमला (कर्नाटकच्या सिंचन महामंडळाला) बरग्यांचं पत्र एप्रिलमध्येच जायला हवं, म्हणजे साखळी-पुलीची सोय त्यांच्या मे महिन्याच्या कामात बसते. कन्नड प्रत कोण करून देईल? पंचायतीच्या सभेत कन्नड वाचली जाईल, त्यामुळे "ताणलेला आस" आणि "तळापर्यंत" हे दोन शब्द तिथे ढिले होता कामा नयेत.

घटप्रभाकाठी

कन्नड प्रत मी करतो. जाळ्याच्या मापाचं चित्र काढून त्यासोबत जोडतो, शब्दांवर अवलंबून राहायला नको.